काळुराम फिट हाय

आमचा काळुराम शाळेत कधी धड पास झाला नाय. सातवीला गुरुजी म्हणाले, "बस रे, ढकलतो तुला पुढे." तर हा म्हणतो कसा, "नको गुरुजी, उगाच तुमच्या हाताला त्रास." दुसऱ्या दिवशी दप्तर आईच्या पुढ्यात ठेवलं नि बापाच्या मागनं मिठागरावर गेला. पण एक परीक्षा अशी, की तिच्यात हा माणूस जन्मात नापास झाला नाय. कंपनीच्या डॉक्टरची.

मी त्याची सख्खी मावशी. त्याची आई ठमाबाई माझी थोरली बहीण. ती आता नाय, म्हणून त्याला टोचून बोलायचं काम माझ्याकडे आलं, आणि ते मी मनापासून करते. तुम्ही म्हणाल, ज्याच्यावर एवढं गुदरलं त्याला काय टोचायचं? तर तोच म्हणतो, "मावशे, तू गोड बोललीस ना, की मला वाटतं डॉक्टरने तुला माझ्यामागं काय तरी सांगितलंय."

त्यांचं गाव पेणच्या खारेपाटातलं. भरतीचं पाणी आत घ्यायचं, वाफ्यात अडवायचं, उन्हात आटवायचं नि लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढून ढीग लावायचे. काळुरामचं अंग त्यातच तयार झालं. उंच, काळा, मनगटं अशी की बांगडीवाल्याने बघून पळावं. मग मिठागरं एकेक करून बसली. गावातली निम्मी पोरं डोलवीच्या पोलाद कारखान्यात कामाला लागली. याला मी रोह्याकडे ओढला. मी लग्न होऊन अष्टमी गावात आलेली, शेजारची खोली रिकामी होती. "ये," म्हटलं, "पूल ओलांडला की रोहा, तिथनं कंपनीच्या गाडीत बसलं की धाटाव." आला, नि धाटावच्या एका केमिकल कंपनीत ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून लागला.

लग्न पण मीच जमवलं. मैना रोह्याच्या आतल्या बाजूची, भात नि वाल करणाऱ्या घरातली, गोरी, बारीक, बोलायला कमी. दाखवायच्या दिवशी नेमकी लाईट गेलेली. मी अजून सांगते, "मैने, लाईट असती तर तू हो म्हटलीच नसतीस गो." ती पदराआड हसते. हा म्हणतो, "लाईट मीच घालवली होती."

तर ती डॉक्टरची परीक्षा. ठेक्यावर लागायचं म्हणजे आधी मेडिकल. वजन, छाती, रक्तदाब, डोळे. डॉक्टरने कागदावर 'फिट' लिहिलं की गेटपास. नाय लिहिलं की परत घरी. आणि हे एकदाच नाय, दरसाल. त्यामुळे आमच्याकडचे कामगार डॉक्टरकडे जातात ते दुखतंय सांगायला नाय, काय दुखत नाय सांगायला. खोकला असला तर आदल्या दिवशी मध चाटतात. कंबर धरलेली असली तर वाकून दाखवतात नि बाहेर येऊन भिंतीला टेकतात. काळुराम तर त्यातला मास्तर. डोळ्यांच्या तक्त्यावरची सगळ्यात खालची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ त्याला पाठ. गाडीत नव्या पोरांकडनं घोकून घ्यायचा. एका वर्षी हा खुर्चीत बसला, डोळ्यावर हात ठेवला नि ओळ म्हणून मोकळा. डॉक्टर म्हणाला, "अहो, थांबा, तक्ता लावायचाय अजून." सगळ्या धाटावभर ती गोष्ट झाली. तरी डॉक्टरने 'फिट' लिहिलं. त्यालाही जेवायला जायचं असेल.

मग ते झालं. दुसरी शिफ्ट होती. मशीनच्या पट्ट्यावरची जाळी काढून ठेवलेली, फिटर येणार म्हणून. फिटर काय आला नाय, पण माल तर काढायचा होता. काळुराम वाकला, बाही पट्ट्यात गेली नि बाहीमागनं हात. कोपराच्या खाली पार उघडा झाला हात. बरोबरच्या माणसाने बटण दाबून मशीन बंद केली म्हणून तेवढ्यावर निभावलं. ऑपरेशन झालं, टाके पडले, हाड जोडलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "हात वाचला."

हे दोन शब्द आमच्या मागं लागले बघा. हात वाचला. बघायला येणारा प्रत्येक माणूस तेच. "नशीब गो मैना, हात वाचला." मी पण देवाला नारळ दिला. पट्टी सुटली तेव्हा हात जागच्या जागी होता, पाच बोटं, पाच नखं. फक्त अंगठ्याच्या बुडाशी मांस खाली बसलेलं नि बोटं जरा आत वळलेली. म्हटलं, भरेल हळूहळू. तूप खा, दूध पी.

ठेकेदार गोविंदाही आला, शहाळं घेऊन. शहाळं एकच. खुर्चीत बसून हाताकडे बघत म्हणाला, "पाचही बोटं हायत की रे! मला वाटलं काय झालं नि काय नाय. असं कर, आराम कर, फिट होऊन ये. तुझी जागा मी कुणाला देत नाय."

काळुरामचा चेहरा असा उजळला की मला त्या शहाळ्याचाच राग आला. तो गेल्यावर म्हटलं, "काय रे, एवढा काय हसतोस? सोयरीक घेऊन आला होता काय?"

"जागा ठेवतोय म्हणाला ना मावशे."

"जागा ठेवतोय, पगार ठेवतोय काय?"

पगार काय ठेवला नव्हता. दवाखान्याचं बिल भरलं नि त्यानंतर सगळे गप्प. कंपनी म्हणे माणूस ठेकेदाराचा. ठेकेदार म्हणे मशीन कंपनीचं. हात तेवढा आमचा होता.

मैनाच्या बचत गटातल्या एकीने पेणच्या वकीलबाईचं नाव सांगितलं. ऋतुजा. वय किती, तर माझ्या धाकट्या सुनेएवढं. स्कूटीवरनं आली, डोक्यावर हेल्मेट, मी म्हटलं, "बाई, तुझं लग्न झालंय का?" ती म्हणाली, "मावशी, आधी केस बघू, मग स्थळ बघू." तेव्हाच मला आवडली. तिने ओट्यावर बसून नीट समजावलं. कामावर बोट गेलं तर इतके टक्के, अंगठा गेला तर इतके, हे कायद्यात छापलेलंच आहे म्हणे. पण हात जागेवर असून कामातनं गेला, तर किती गेला ते डॉक्टरने तपासून सांगायचं. ते जेवढे टक्के सांगतील त्यावर भरपाई. म्हणून कोर्ट तपासायला पाठवेल.

मैनाने सगळं ऐकलं. काळुराम मान हलवत होता. आता कळतंय, त्याने त्या सगळ्यातला एकच शब्द ऐकला. डॉक्टर.

त्या दिवसापासनं हा मागच्या पडवीत जाऊन बसायला लागला. तांब्या घेऊन. एकदा मी भांडी घासता घासता बघितलं, तर उजव्या हाताने तांब्या उचलून दाखवतोय. "बघ मावशे, सुधारणा हाय." मी टाळ्या वाजवल्या. म्हटलं, "आता पाणी भरून उचल, नि मला चहा कर." पाण्याचं मात्र त्याने मनावर घेतलं नाय.

तपासणीचा दिवस आला. दवाखान्याचं नाव मी सांगत नाय, गर्दी होती, डॉक्टर एकटा होता, त्या बिचाऱ्याला मान वर करायला फुरसत नव्हती. काळुरामने इस्त्रीचा शर्ट घातलेला, दाढी केलेली, केसाला तेल. मैना म्हणाली पण, "असं नटून कशाला?" आम्ही दोघी बाहेर बाकावर. हा आत गेला नि आम्ही नीट टेकायच्या आत बाहेर. तोंडभर हसत.

"मावशे, पास!"

येताना जिलबी घेतली त्याने. आणि आम्ही खाल्ली बघा, दोघींनी. मी तर परत मागून घेतली.

पुढं ऋतुजा आली ती स्कूटी स्टँडला लावायची विसरली. तिने डॉक्टरांनी काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. स्पर्श जाणवतो. पकड समाधानकारक. काम करण्यास जवळजवळ सक्षम.

"म्हणजे फिट," काळुराम म्हणाला.

"काका, ही भरपाईची तपासणी होती."

"व्हय. पण फिट तर फिट ना."

ऋतुजाने माझ्याकडे बघितलं, मी मैनाकडे. कोर्टात कंपनीच्या वकिलाने तोच कागद दाखवला. हात बरा झालाय, भरपाई कसली? काळुरामला त्याचं काय वाटलं नाय. तो दुसऱ्याच दिवशी गोविंदाकडे गेला. फिट होऊन आलो म्हणाला. गोविंदा म्हणाला, "अरे वा! पण जागा भरली रे. पुढं बघू." भरपाईला फिट, आणि कामाला जागा नाय. संध्याकाळी येऊन काळुराम ओट्यावर बसला तो दिवा लागला तरी आत गेला नाय. तेव्हा पण मी त्याला टोचलंच. म्हटलं, "अजून एक जिलबी आण."

पौषात मैनाच्या माहेरी पोपटी लावली. वालाच्या शेंगा तयार झाल्या की आमच्याकडे हे असतंच. मडक्यात शेंगा, मीठ, ओवा, तोंडाला भांबुर्डीचा पाला कोंबायचा, मडकं उपडं घालायचं नि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. शिजलं की गोणपाटावर ओतायचं नि सगळ्यांनी भोवती बसून खायचं. ऊन मावळत होतं, पोरंटोरं भोवती नाचत होती. मडकं ओतलं तशी वाफ उठली. शेंगा अशा कढत की जो तो उचलतोय, फुंकतोय, टाकतोय, कानाला बोटं लावतोय. आणि आमचा काळुराम उजवा हात घालून मूठभर शेंगा घेऊन बसला. मनगट मागं टाकलं की त्याची बोटं मिटायची, ती त्याची युक्ती आम्हाला नंतर समजली. शेंगा मुठीत, हा बोलतोय, हसतोय, सोडत नाय.

त्याचा मेव्हणा म्हणाला, "दाजींचा हात बघा, लोखंडाचा!"

सगळे हसले. मी पण हसले. मग मला वास आला. शेंगांचा नाय, दुसराच. मी त्याच्या शेजारीच बसलेली. मनगट धरून हात उलटा केला नि शेंगा पाडल्या. तळव्यावर, बोटांच्या पेरांवर फोड उठलेले, पाण्याने भरलेले. त्याने पण माझ्याबरोबरच बघितले. आधी त्याला माहीतच नव्हते.

"काळ्या," म्हटलं, "हे काय?"

"काय नाय मावशे. जरा गरम होत्या."

"गरम होत्या ते तुला कुणी सांगितलं?"

त्याने डाव्या हाताने फोड झाकले.

मैनाने त्याला विहिरीवर नेलं, पाण्यात हात धरला. मी मागनं गेले. मैना कमी बोलणारी बाई, पण तेव्हा बोलली. "कधीपासनं?"

"पहिल्यापासनं."

"काहीच समजत नाय?"

"कोपराच्या खाली, आतल्या अंगाला, काय नाय. बोटाला तर काहीच नाय. दुसऱ्याचा हात असल्यासारखा."

"आणि डॉक्टरांनी टाचणी टोचली ती?"

काळुरामने विहिरीच्या कडेला बघत सांगितलं. टाचणी टोचली की तो डॉक्टर "हं?" करायचा. मग हा "व्हय" म्हणायचा. डोळे मिटलेले असले म्हणून काय झालं, कान उघडे होते. तांब्याची युक्ती तर पडवीत पक्की केलेलीच. डॉक्टर म्हणाला मूठ वळा, याने मनगट मागं टाकलं, बोटं आपोआप मिटली. डॉक्टर म्हणाला छान.

"अरे गाढवा," मी म्हटलं, "ती परीक्षा नापास व्हायची होती!"

"मला नाय जमलं मावशे. डॉक्टर समोर बसला नि काय होतंय का विचारलं, की तोंडातनं दुसरं येतच नाय. इतकी वर्षं तेच बोललोय." मग म्हणाला, "आणि हात गेला म्हटलं असतं, तर गेट संपलं ना. गोविंदा म्हणाला होता, फिट होऊन ये."

मैना त्याचा हात पाण्यात धरून होती. त्याला त्या पाण्याचा गारवा पण कळत नव्हता नि तिला ते माहीत होतं. तरी धरून होती.

ऋतुजाला आम्ही सगळं सांगितलं. मला वाटलं चिडेल. ती म्हणाली, "काका, तुम्ही पहिले नाहीत. एकजण तर माझ्या ओळखीत बहिरा झालाय, तो डॉक्टरांचे ओठ बघून उत्तरं देऊन आला." तिने फोडांचे फोटो काढले, कोर्टात अर्ज दिला, भांडली, आणि दुसऱ्या डॉक्टरकडनं परत एकदा तपासायला परवानगी मिळवली. पेणमधले डॉक्टर, हातांचंच काम करणारे. "पण ही शेवटची," ती म्हणाली. "इथे पण फिट झालात तर माझ्या हातात काही राहणार नाही."

मैनाला त्या दिवशी गटाची बैठक सुटेना, म्हणून बरोबर मी. रोह्याहून पेणची एसटी पकडली. खिडकीशी काळुराम, शेजारी मी. नागोठणं गेलं तशी मी त्याची शिकवणी सुरू केली.

"ऐक. डॉक्टर काय पण विचारू दे, नाय म्हणायचं. बोट हलतं का? नाय. लागतंय का? नाय."

"आणि नाव काय विचारलं तर?"

"अरे, नाव सांग की मेल्या!"

पुढच्या सीटवरची बाई हसली. काळुराम नाय हसला. म्हणाला, "मावशे, खोटं कसं बोलू?"

"म्हणजे? आधी बोललास ते काय खरं होतं?"

"ते वेगळं. ते कामासाठी होतं."

मी पदर सावरला. म्हटलं, "मग खोटं नको बोलू. खरं तरी बोलशील ना?"

"बघतो," म्हणाला. "आलं तोंडात तर." आणि डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला, लहान मूल सरकलं की उचलून ठेवतो ना, तसा.

डॉक्टर वयस्कर होते. खोलीत गर्दी नाय, आवाज नाय. मला म्हणाले, "आजी, तुम्ही तिथे बसा. बोलायचं नाही." आजी! मी मावशी हाय म्हणून सांगणार होते, पण बोलायचं नव्हतं.

"काम काय करायचात?"

"हेल्पर."

"म्हणजे काय काय? करून दाखवा बघू."

हे त्याला कुणी कधी विचारलं नव्हतं. काळुराम उठला. अंगात एकदम आलं त्याच्या. "हे असं ड्रमचं झाकण काढायचं. मग हितनं गोणी उचलायची, भरलेली. डाव्या हाताने तोंड धरायचं, उजव्याने बूड. मग खांद्यावर घेऊन…"

तो तिथेच थांबला. डावा हात हवेत गोणीचं तोंड पकडून. उजवा पण पुढे आला होता, पण जी मूठ वळायची ती वळली नव्हती. बोटं लोंबत होती, काठीवर सुकत घातलेल्या बोंबलांसारखी. मनगट मागं टाकायची युक्ती तो विसरला होता. काम दाखवताना कुणाला युक्ती आठवते?

"बूड?" डॉक्टरांनी विचारलं.

"बूड धरायचं," काळुराम म्हणाला. नि हाताकडे बघत राहिला.

डॉक्टरांनी त्याला बसवलं. उजवा हात टेबलावर उताणा ठेवायला सांगितला. "आता डोळे मिटा. मी हातात एक वस्तू ठेवीन. न बघता, काय आहे ते सांगायचं."

काळुरामने डोळे मिटले. हनुवटी वर केली. अगदी गेटच्या मेडिकलला बसतो तशी. कान उघडेच होते ना त्याचे. मी मनात म्हटलं, आता हा कसला तरी आवाज ऐकेल नि सांगून टाकेल.

डॉक्टरांनी खिशातनं आपल्या गाडीची चावी काढली. मोठी, साखळीसकट. जराही आवाज न करता त्याच्या तळव्यावर ठेवली नि हात मागं घेतला. "हं" केलं नाय, काय नाय. नुसते बसले. मी पण. काळुराम डोळे मिटून वाट बघतोय. बाहेर रिक्षा गेली, परत शांत झालं. तो तसाच. चावी तळव्यावर. एकदा त्याच्या भुवया हलल्या, कान टवकारल्यासारखं केलं त्याने, मग तेही सोडलं.

शेवटी हळूच, जरा लाजूनच म्हणाला, "ठेवलंत का, डॉक्टर?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, परत लावला. "ठेवलंय," म्हणाले. "बराच वेळ झाला."

काळुरामने डोळे उघडले नाय. मला वाटतं, उघडायचे नव्हते त्याला. "अच्छा," म्हणाला. मग म्हणाला, "नाय समजत. मला काय समजत नाय, डॉक्टर."

नंतर टाचणी झाली, कापूस झाला, गरम-गार पाण्याच्या नळ्या झाल्या. प्रत्येक वेळी तो तेच बोलला. आवाज चढवला नाय, रडला नाय. जे होतं ते सांगत गेला. एका जागी, अंगठ्याच्या मागच्या बाजूला, "हितं लागतंय," म्हणाला. मी कपाळावर हात मारला. तेवढं पण सोडलं नाय या शहाण्याने! डॉक्टर मात्र पहिल्यांदा हसले नि म्हणाले, "बरोबर. तिथे लागायलाच हवं." तिथली नस वाचली होती म्हणे. म्हणजे बाकीचं खरं धरलं गेलं ते त्या एका 'लागतंय'मुळे. माझी शिकवणी ऐकली असती तर काय झालं असतं, देव जाणे.

उठताना चावी टेबलावरच होती. काळुरामने ती डाव्या हाताने उचलली, बघितली, साखळी बोटाने चाचपली. "जड हाय की," म्हणाला, नि डॉक्टरांना दिली.

बाहेर ऋतुजा मांडीवर हेल्मेट घेऊन बसली होती. "काय झालं, काका?"

"नापास," काळुराम म्हणाला.

ती हसायला गेली नि मधेच थांबली.

पेणच्या स्टँडसमोर आम्ही चहाला थांबलो. इतके महिने हा चारचौघांत चहाचा ग्लास उजव्या हातात धरायचा, मनगट मागं टाकून, लोकांनी बघावं म्हणून. भाजतोय ते कळत नव्हतं, म्हणून धरता येत होता. आज त्याने ग्लास डाव्या हाताने घेतला. उजवा खिशात सरकवला.

"मावशे, आता गेटपास नाय ना मिळणार?"

"नाय रे."

"बरं." एक घोट घेतला. चटकन ओठ मागं घेतले. "गरम हाय."

"फुंकून पी," मी म्हटलं. एवढंच म्हटलं.

निकाल यायला पुढं बरेच दिवस गेले. कंपनीच्या वकिलाने पहिला कागद परत परत काढला. पण कोर्टाने दुसऱ्या डॉक्टरांचं धरलं. हात आहे, पण हा माणूस जे काम करत होता ते त्याला आता करता येणार नाय. कंपनीने आधी भरपाई द्यायची, ठेकेदाराशी काय ते मागनं बघून घ्यायचं. किती मिळाले ते मला विचारू नका. पुष्कळ जणांनी विचारलं, आणि सगळ्यांच्या डोळ्यांत तेच, पाचही बोटं हायत की. त्यांना मी म्हणते, "तुझी पण पाच हायत. एक दिवस बदलून घेतोस का?"

आता मैना माहेरच्या वालाला मोड आणते, सोलते, नि अष्टमीच्या पुलाकडे दोघं बिरडं विकायला बसतात. सोलायला ती त्याला देत नाय. तो डाव्या हाताने तोलतो नि उजव्याने पिशवी दाबून धरतो, तेवढं जमतं. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम त्याचं. मी जाते अधूनमधून, भाव पाडून मागते, सगळ्यांच्या देखत भांडते. मग चिमूटभर जास्त घेऊन येते.

परवा मी तिथेच होते. धाटावला नवीन लागणारी दोन पोरं आली. दुसऱ्या दिवशी त्यांचं मेडिकल. "काळूदादा, ती डोळ्यांच्या तक्त्याची खालची ओळ सांग ना."

"दिसतंय ते सांगायचं," काळुराम म्हणाला.

"नाय दिसत, म्हणून तर विचारतोय!"

"मग नाय दिसत म्हणायचं."

"आणि गेटपास तू देशील?"

काळुराम वजनं आवरायला लागला. पोरं तोंड वाकडं करून गेली. जाताना एकजण म्हणाला, "पैसे मिळाले तसा भाव खायला लागला."

काळुरामने तराजू पुसला, पारडं सरळ केलं. मग नदीकडे तोंड करून बसला. मला वाटलं, काय तरी पुटपुटतोय. कान देऊन ऐकलं, तर ती ओळच होती. सगळी, एक अक्षर न चुकता.